उन्हाळ्यात वाचनालयाची कपाटं उघडी ठेवा

प्रति,
माननीय जिल्हा ग्रंथालय अधिकारी,
गोंदिया.



परीक्षा आटोपत आल्या. मे लागला की जिल्ह्यातल्या आठही तालुक्यांच्या शाळांना कुलपं लागतील, ती थेट जूनच्या अखेरीस निघतील. पुण्या-मुंबईकडची घंटा जूनच्या मध्यावर वाजते. आपल्याकडच्या उन्हापायी विदर्भातल्या शाळा त्यानंतरही आठवडाभर बंदच असतात. जिल्ह्यातल्या लेकरांना वर्षभरात मिळणारी ही सर्वांत लांब, सलग मोकळीक. दुपारी अकरानंतर बाहेर पाऊल टाकवत नाही, घरात दार लोटून बसावं लागतं. पुस्तक वाचायला किंवा चांगला सिनेमा बघायला याहून सोयीचे दिवस वर्षात दुसरे नाहीत. या दिवसांत सार्वजनिक वाचनालयातून त्यांच्या हाती काय पडतं, आणि काय पडू शकतं, यासाठी हे पत्र आहे.

पत्र खुलं ठेवलं आहे, कारण यातलं सगळंच आपल्या कार्यालयाच्या हातात नाही. काही वाचनालयांच्या कार्यकारी मंडळांकडे आहे, काही ग्रंथपालांकडे, काही ग्रामसभांकडे आणि बरंचसं आम्हा शिक्षकांकडे. पण सगळ्यांना एका जागी बसवून तारीख ठरवू शकेल असं पद जिल्ह्यात आपलंच आहे.

मागणी अशी की, मार्चअखेर घेतलेली नवी पुस्तकं एप्रिलमध्येच दाखल होऊन मेच्या पहिल्या आठवड्यापासून मुलांच्या घरी जावीत, त्यांच्या जोडीनं सिनेमेही जावेत, आणि वाचनालय जिथं नाही तिथं पुस्तकांची पेटी जावी.

गेल्या एप्रिलमध्ये एका गावच्या वाचनालयात गेले होते. लोखंडी कपाटाशेजारी चार गठ्ठे होते, सुतळीनं बांधलेले, वर विक्रेत्याचं बिल खोचलेलं. वरच्या गठ्ठ्यातून एका बालकादंबरीचा रंगीत कोपरा दिसत होता. ग्रंथपालदादांना म्हटलं, मुलांना दाखवू का? ते म्हणाले, मॅडम, दाखल नोंदवहीत चढवायची आहेत, शिक्के मारायचे आहेत, आणि सध्या वार्षिक अहवालाचं काम हातात आहे, जून-जुलैत देवघेवीला लावतो. त्यांना बोल लावावा असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. एकटा माणूस, तुटपुंजं मानधन, सकाळ-संध्याकाळ दार उघडायचं, झाडायचं, वर्तमानपत्रं लावायची आणि वर लेखापरीक्षणाचे कागद. अनुदान हप्त्यानं येतं, दुसरा हप्ता यायला वर्ष सरत आलेलं असतं, म्हणून खरेदीही तेव्हाच होते. गठ्ठे सुटेपर्यंत शाळा उघडते, आणि शाळा उघडली की मुलाच्या हातात पाठ्यपुस्तक येतं. नवं पुस्तक असं ऐन सुट्टीत बांधलेलं राहतं.

आपल्या राज्यानं वाचनासाठी काही केलं नाही असं कुणी म्हणू नये. १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, त्यातून गावोगावच्या वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांनी अनुदान मिळू लागलं. २०२२ मध्ये, दहा वर्षांच्या खंडानंतर, त्या अनुदानात ६० टक्के वाढ झाली. वाचन प्रेरणा दिन १५ ऑक्टोबरला असतो. २०२५ च्या जानेवारीत पहिला पंधरवडाभर ‘वाचन संकल्प महाराष्ट्राचा’ हा उपक्रम झाला. हे सगळं हवंच. पण ऑक्टोबर आणि जानेवारी हे भर शाळेचे महिने आहेत. मुलं तेव्हा गृहपाठात असतात, आम्ही चाचण्यांत असतो, आणि वाचन म्हणजे शाळेनं सांगितलेलं आणखी एक काम होऊन बसतं. मे-जूनसाठी मात्र ठरवून केलेलं काहीच नाही.

इतर ठिकाणी उलट आहे. ब्रिटनमधल्या सार्वजनिक ग्रंथालयांत ‘समर रीडिंग चॅलेंज’ १९९९ मध्ये सुरू झालं.  त्यांची योजना साधी आहे. सुट्टीत मुलानं ग्रंथालयातून आपल्या आवडीची सहा पुस्तकं घ्यायची आणि वाचायची. पैसे नाहीत, परीक्षा नाही. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात रिचर्ड ॲलिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरीब वस्त्यांतल्या शाळांमधल्या मुलांना सलग तीन उन्हाळे, दर उन्हाळ्याला १२ पुस्तकं दिली. २०१० मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. पुस्तकं मिळालेली मुलं वाचनात इतरांच्या पुढे गेली होती. ती पुस्तकं मुलांनी स्वतः निवडली होती, हा यातला माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा भाग. शिक्षक म्हणून मी रोज पाहते. सुट्टीआधी अडखळत का होईना वाचणारं लेकरू सुट्टीनंतर जोडाक्षराला थांबतं. शहरात ज्याच्या घरी पुस्तकं आहेत, त्याचं असं होत नाही. म्हणजे दरी शाळेत पडत नाही, सुट्टीत पडते.

आणि आपल्याकडची सुट्टी ही सगळ्यांची सुट्टी नसते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, मग तेंदूपत्ता, मधेच उन्हाळी धानाची कापणी. सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव या पट्ट्यात मे महिन्यात अख्खं घर तेंदूच्या मागे असतं. उजाडायच्या आत बायामाणसं जंगलात जातात, ऊन तापायच्या आत पानांचं ओझं घेऊन परततात. मग दुपारभर ओसरीत सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे. यात मुलं असतातच. लहानांनी पानं सरळ करून द्यायची, मोठ्यांनी मोजून बांधायचं. दिवस कलला की पुडे घेऊन फळीवर, म्हणजे पानांच्या संकलन केंद्रावर, जायचं, ते मोजून द्यायचे, उन्हात वाळत घालायचे, कार्डावर नोंद करून घ्यायची. अशा घरातलं मूल सकाळी आठ ते अकराच्या वेळात तालुक्याच्या वाचनालयात येईल कसं? येणार नाही. आणि ते आलं नाही म्हणून त्याला वाचायचं नाही, असंही नाही.

मागच्या मे महिन्यात मी ‘किशोर’चे जुने अंक पिशवीत घालून एका फळीवर गेले होते. वाळायला टाकलेल्या पुड्यांच्या ओळींमधून वाट काढत गेलं की टोकाला पळसाची सावली आहे, तिथं बाया आपला नंबर यायची वाट बघत बसतात. अंक मांडले. पाच मिनिटं कुणी हात लावला नाही. मग सहावीतल्या एका मुलीनं एक उचलला, चित्रं बघितली, आणि गोष्ट मोठ्यानं वाचायला लागली, तशी सवय आम्ही वर्गात लावतो म्हणून. तिची आजी शेजारी उरलेले पुडे बांधत होती. मुलगी पान उलटताना थांबली, तशी आजी हात न थांबवता म्हणाली, “समोर वाच ना वो, थांबली काहून?” त्यानंतर आणखी तीन-चार जणी ऐकायला सरकल्या. नंबर आला तेव्हा गोष्ट अर्धी होती. मुलीनं विचारलं, “मॅडम, हे घरी नेऊ का?” मी हो म्हटलं आणि वहीत नाव लिहून घेतलं. वाचनालय म्हणजे एवढंच तर असतं.

म्हणून माझी पहिली विनंती फळीवरच्या पेटीची आहे. संध्याकाळी पाच ते सात या वेळात तिथं अख्खं गाव असतं. वनहक्काखाली हक्क मिळालेल्या ग्रामसभा जिथं तेंदूचा व्यवहार स्वतः बघतात, तिथं ग्रामसभेला विचारून जवळच्या अनुदानित वाचनालयानं एक पेटी ठेवावी. शंभरेक पुस्तकं, एक नोंदवही, एक पेन. हंगाम संपला की पेटी गावच्या समाजमंदिरात किंवा अंगणवाडीत जाईल.

पेटीची कल्पना माझी नाही आणि नवीही नाही. मराठी माणसाच्या राज्यात शंभर वर्षांपूर्वी ती झाली होती. सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन नावाचे ग्रंथपाल बडोद्याला आणले, राज्यभर ग्रंथालयांचं जाळं विणलं, आणि जिथं वाचनालय नाही अशा गावांसाठी फिरत्या पुस्तकपेट्या सुरू केल्या. त्याच ग्रंथालय खात्यात दृश्य शिक्षणाची वेगळी शाखा होती. ती गावोगावी जाऊन लोकांना फुकट चलचित्रं दाखवायची. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा, तेव्हा सिनेमा नुकता कुठं जन्मत होता, आणि एका संस्थानाच्या ग्रंथालय खात्याला समजलं होतं की ज्याला अक्षर येत नाही त्याच्याकडे चित्र घेऊन जायला हवं. आपल्या काळातलं उदाहरण नाशिकचं. कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजना २००९ पासून चालू आहे. शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या एका गटाकडे जाते, काही महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलली जाते. म्हणजे एका पेटीचा खर्च, आणि वाचायला मिळतात सगळ्या पेट्या. सालेकशाची पेटी देवरीला, देवरीची अर्जुनी मोरगावला. आपल्या जिल्ह्यात हे सहज बसेल.

आता पेटीत काय असावं, याबद्दल माझी मतं ठाम आहेत. संस्कारकथा, थोरांची चरित्रं आणि सामान्यज्ञानाची गाईडं यांनी बालविभागाची कपाटं भरलेली असतात. मुलं त्यांना हात लावत नाहीत, आणि मग मोठी माणसं म्हणतात, मुलं वाचत नाहीत. गेल्या काही वर्षांत मराठीत मुलांसाठी किती चांगलं लिहिलं गेलं आहे, हे आपल्या खरेदीच्या याद्यांत दिसलं पाहिजे. साहित्य अकादमीच्या बालसाहित्य पुरस्कारांची यादी जरी समोर ठेवली तरी सुरुवात होईल: संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’, एकनाथ आव्हाड यांचं ‘छंद देई आनंद’, २०२४ मध्ये पुरस्कार मिळालेली भारत सासणे यांची ‘समशेर आणि भूतबंगला’, २०२५ चा सुरेश सावंत यांचा ‘आभाळमाया’ हा कवितासंग्रह. सलीम सरदार मुल्ला यांच्या ‘जंगल खजिन्याचा शोध’ला २०१९ मध्ये हाच पुरस्कार मिळाला, आणि जंगलाशेजारच्या मुलाला ते नाव वाचूनच पुस्तक उचलावंसं वाटेल. कॉलेजातल्या पोरापोरींसाठी देविदास सौदागर यांची ‘उसवण’ ठेवा. शिलाई मशीनवर पोट असलेल्या माणसाची ही कादंबरी, तिला २०२४ चा युवा पुरस्कार आहे. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत दिवस काढणाऱ्या मुलांनी ती एकदा हातात घ्यावी असं मला फार वाटतं.

पण नव्याच्या नादात आपल्या अंगणातलं विसरायला नको. मराठीतलं उत्तम जंगलवाचन आपल्या जिल्ह्यानं दिलं आहे. मारुती चितमपल्ली यांनी वन खात्यातल्या नोकरीची अनेक वर्षं नवेगावबांधला काढली. ‘नवेगावबांधचे दिवस’ हे तर त्यांच्या पुस्तकाचं नावच आहे. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘जंगलाचं देणं’, ‘रानवाटा’, ‘चकवाचांदण’ या सगळ्यांतून इथले पक्षी, इथलं पाणी, इथली माणसं आहेत. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’ आहे. किरण पुरंदरे नागझिऱ्यात ४०० दिवस राहिले आणि त्यांनी ‘सखा नागझिरा’ लिहिलं. पर्यटक पुण्याहून ही पुस्तकं वाचून इथं येतात. इथल्या मुलाला ती माहीत नसतात, आणि ज्या जंगलात तो पानं तोडायला जातो त्या जंगलावर कुणी इतक्या प्रेमानं पुस्तक लिहिलं आहे हे त्याला कुणी सांगत नाही. जिल्ह्यातल्या प्रत्येक पेटीत या तिघांपैकी एक तरी असलंच पाहिजे. शासनानं भिलारच्या धर्तीवर आणखी पुस्तकांची गावं करायचं ठरवलं तेव्हा नागपूर विभागातून नवेगावबांधची निवड केली होती. ते गाव पुस्तकांचं व्हायचं असेल तर त्याची पहिली वाचक तिथलीच मुलं असावीत, आणि ती मे महिन्यात असावीत.

भाषेचाही प्रश्न आहे. माझ्या वर्गात घरी गोंडी बोलणारी मुलं आहेत, छत्तीसगढी बोलणारी आहेत, पोवारी बोलणारी आहेत. पलीकडे डोंगरगड, वर बालाघाट, त्यामुळे हिंदी सगळ्यांनाच येते. सुट्टीत मुलानं मराठीच वाचावं असा हट्ट धरू नये. भोपाळच्या एकलव्य संस्थेची हिंदी पुस्तकं आणि त्यांचं ‘चकमक’ मासिक आपल्या सीमेवरच्या वाचनालयांत यायला हवं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी, हिंदी आणि गोंडीतल्याही गोष्टी मोफत आहेत, आणि त्यांचा परवाना असा खुला आहे की वाचनालयानं त्या छापून, शिवून ठेवल्या तरी चालतं. दहा-बारा पानांची रंगीत पुस्तिका तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात निघते. ‘किशोर’चे १९७१ पासूनचे अंकही संगणकावर खुले आहेत. मोबाइलवर वाचा असं मात्र कृपा करून सांगू नका. देवरी-सालेकशाच्या कितीतरी गावांत नेटवर्कसाठी टेकाडावर जावं लागतं, आणि घरातला एक मोबाइल बापासोबत बाहेर असतो.

सिनेमाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडे वाचनालयातून सिनेमा घरी नेता येतो ही कल्पनाच रुजलेली नाही. ते नियमात बसत नाही असं पुष्कळ जणांना वाटतं. तसं नाही. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. त्यात सिनेमाची प्रत व्यावसायिक भाड्यानं देण्याचा हक्क मालकाकडे ठेवताना, ना-नफा ग्रंथालयानं कायदेशीर विकत घेतलेली प्रत ना-नफा कारणासाठी उसनी देणं त्यातून स्पष्ट शब्दांत वगळलं आहे. आणि ना-नफा ग्रंथालय म्हणजे कोणतं? ज्याला शासनाचं अनुदान मिळतं किंवा ज्याला आयकरातून सूट आहे, ते. म्हणजे जिल्ह्यातलं अगदी ‘ड’ वर्गाचं अनुदानित वाचनालयसुद्धा यात बसतं. हा दरवाजा इतकी वर्षं उघडा आहे आणि आपण त्यातून आत गेलेलो नाही. वाचनालयात पडदा लावून सगळ्या गावाला सिनेमा दाखवायचा तर निर्मात्याची परवानगी लागते, ते वेगळं. घरी न्यायला द्यायला अडचण नाही.

अडचण आहे ती प्रत मिळण्याची. जुने सिनेमे डीव्हीडीवर मिळतात. नवे बहुतेक त्यावर येतच नाहीत, ते वर्गणीच्या ॲपवर जातात, आणि ती वर्गणी माझ्या वर्गातल्या कोणत्याही घराला परवडत नाही. म्हणून दोन पायऱ्या कराव्यात. या उन्हाळ्यात जे मिळतं त्यातून चांगलं निवडावं आणि पुस्तकाशी जोडून द्यावं. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ आणि आचार्य अत्र्यांचा १९५३ चा सिनेमा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालेला, एकाच पिशवीत. माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आणि अमोल पालेकरांचा सिनेमा. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ आणि सुजय डहाकेंचा. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आणि त्याच्यावरचा २०१७ चा सिनेमा. आधी काय करायचं, वाचायचं की बघायचं, हे मुलांवर सोडावं. माझा अनुभव असा की अडखळणारं मूल आधी बघतं, मग गोष्ट माहीत असल्यानं पुस्तकाला भीत नाही. मोठ्यांनी याला आळस म्हणू नये.

दुसरी पायरी आपल्या कार्यालयानं मुंबईच्या ग्रंथालय संचालनालयाकडे मांडावी. राज्य शासन दर्जेदार मराठी चित्रपटांना अनुदान देतं. लोकांच्या पैशाचा हातभार लागलेल्या सिनेमाची एक प्रत लोकांच्या वाचनालयाला मिळावी, ही अट घालणं अवघड नाही. सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा ‘नाळ’ विदर्भातल्या नदीकाठच्या गावात घडतो. त्यातला चैत्या बोलतो तसं आमची मुलं बोलतात. ‘नाळ भाग २’ला सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘शेरनी’चं चित्रीकरण शेजारच्या बालाघाटच्या जंगलात झालं, आणि वाघ, वन खातं, गुरं चारणारे लोक यांचं जे भांडण त्यात आहे ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या काठच्या प्रत्येक गावाला ठाऊक आहे. हे सिनेमे दिल्ली-मुंबईत पाहिले गेले, त्यांच्यावर लेख आले. ज्यांच्याबद्दल ते आहेत त्यांच्यापर्यंत ते पोचावेत, यात मला काहीच जगावेगळं मागितल्यासारखं वाटत नाही.

घरी डीव्हीडी प्लेअर आता फारसे नाहीत, हे खरं. मग वाचनालयानं दोन-तीन प्लेअर घ्यावेत, त्यांनाही दाखल नोंदवहीत क्रमांक द्यावा, आणि सिनेमासोबत तेही तीन दिवसांसाठी द्यावेत. टीव्ही बहुतेक वाड्यावस्त्यांवर एखाद्या तरी घरी असतो, आणि दुपारी त्या घरी दहा मुलं जमतातच.

राहिला प्रश्न हरवण्या-फाटण्याचा. ग्रंथपालांच्या मनात ही धास्ती पक्की बसली आहे, कारण हरवलेल्या पुस्तकाचं उत्तर त्यांना द्यावं लागतं. याच भीतीनं बालविभागाच्या कपाटांना कुलपं असतात, अनामत मागितली जाते, आणि अनामत मागितली की तेंदू वेचणाऱ्या घरातलं मूल दारातूनच परततं. केंद्र सरकारच्या वित्तीय नियमांतसुद्धा देवघेव झालेल्या दर हजार पुस्तकांमागे वर्षाला पाच हरवणं स्वाभाविक धरलं आहे. आपण एक पत्रक काढून जिल्ह्यातल्या ग्रंथपालांना एवढंच लेखी कळवावं की सुट्टीच्या देवघेवीत बालविभागातलं पुस्तक हरवलं, भिजलं, फाटलं तर त्याची भरपाई कुणाच्या मानधनातून होणार नाही, आणि १८ वर्षांखालच्यांकडून मे-जूनमध्ये अनामत घेतली जाणार नाही. या एका पत्रकानं जितकी कुलपं निघतील तितकी वाचनाच्या शपथांनी निघणार नाहीत.

वेळेचंही बघावं. भर दुपारी दार उघडं ठेवून उपयोग नाही, कूलरच्या विजेचा खर्चही पेलत नाही. मे-जूनपुरतं संध्याकाळी सहा ते साडेआठ, असं जमत असेल तर ते सगळ्यांच्या सोयीचं. शहरातली मुलंही तेव्हाच बाहेर पडतात.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आपण जिल्ह्यातल्या ग्रंथपालांची एक दिवसाची बैठक घ्यावी आणि त्याच दिवशी, तिथंच बसून, मार्चमधल्या खरेदीची बालपुस्तकं नोंदवहीत चढवायला मदत करावी. आम्ही शिक्षक शिक्के मारायला, क्रमांक घालायला येऊ. माझ्या ओळखीच्या सहा-सात जणींनी होकार दिला आहे. फळीवरची एक पेटी मे महिनाभर सांभाळायची आणि तिची नोंदवही ३० जूनपूर्वी आपल्या कार्यालयात आणून द्यायची, ही जबाबदारी मी घेते. पेटी कोणत्या वाचनालयाकडून आणि कधी घ्यायची, तेवढं कळवावं.

आपली,
सालेकसा तालुक्यातली एक शिक्षिका